बसून खाणं

बा रिटायर झाला आणि आमची खोली गेली. खोली खात्याची होती. १९७२च्या दुष्काळात चौदा वर्षांचा बा बीड जिल्ह्यातून मुंबईला आला. आधी हमाली केली, मग सफाई खात्यात चिकटला. जन्मभर दुसऱ्याची घाण उपसली, तोवर खोली आमची. २०१६ला अठ्ठावन्न भरले. नोटीस आली, खोली खाली करा.

फंडाच्या पैशात मुंबईत संडासाएवढी जागा येईना. मग लोकलच्या नकाशावर बोट सरकवत गेलो. घाटकोपर नाही, ठाणे नाही, डोंबिवली नाही, कल्याणही नाही. बोट थांबलं उल्हासनगरला. व्हीटीपासून अठ्ठावन्न किलोमीटर. मायनं टेम्पोत आधी बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर ठेवली, मग भांडी.

शेगडी होती, सिलिंडर नव्हता. गॅसचं पुस्तक नव्या पत्त्यावर यायला बारा दिवस लागणार होते. रॉकेल कुठं मिळेना. म्हणजे बारा दिवस बाहेरचं खाणं.

दोस्तहो, नव्या वस्तीत गेल्यावर पांढरपेशा माणूस शाळा बघतो, बँक बघतो, देऊळ बघतो. आम्ही बघतो, इथं पाणी कोण देतं आणि कसल्या भांड्यात देतं.

मायनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "पारसल आण. म्या हाटेलात बसायची न्हाई."

माय मुंबईत अडतीस वर्षं राहिली, पण हॉटेलात कधी बसून जेवली नव्हती. ती लहान असताना बाजाराच्या दिवशी तिच्या बापाबरोबर तालुक्याला जायची. हॉटेलच्या मागच्या भिंतीला एक कोनाडा होता. त्यात कान तुटलेली कपबशी ठेवलेली. ती आपण उचलायची, आपण विसळायची, पुढं धरायची. मालक वरून चहा ओतायचा, कपाला किटली लागू द्यायचा नाही. पिऊन झालं की पुन्हा धुऊन कोनाड्यात. एकदा त्या कपात माकोडा निघाला. तिच्या बापानं तो बोटानं काढून फेकला आणि चहा पिऊन टाकला. पैसे दिले होते ना. माय ते विसरली नाही. हॉटेल म्हटलं की तिला तो कोनाडा दिसतो.

१९०१ साली बाबासाहेब पोरवयात भावंडांबरोबर वडिलांकडं निघाले होते. बैलगाडीचा रस्ता. जवळ भरलेला डबा होता, पण रात्री कुणी पाणी दिलं नाही. पाण्यावाचून अन्न घशाखाली उतरेना. पोरं भरल्या डब्याशेजारी उपाशी झोपली. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. म्हणून म्हणतो, आमची भूक आधी पाण्यापाशी अडते. १९२७ला महाडला गेलो ते काही तहान लागली म्हणून नव्हे.

तर बारा दिवस. मी पिशवी घेऊन निघालो.

पहिला दिवस स्टेशनबाहेरचा वडापाव. तिथं सगळेच उभे. साहेब उभा, हमाल उभा, जीन्सच्या कारखान्यात शिवणारा बिहारी पोऱ्या उभा. कागदाचा तुकडा सगळ्यांना सारखा. उभ्यानं खाण्यात जात नसते, कारण बसायला जागाच नसते. माणूस बसायला लागला की विचारपूस सुरू होते.

सकाळी सायकलवर भोंगा वाजवत इडलीवाला यायचा. ॲल्युमिनियमच्या डब्यात इडल्या, बादलीत चटणी. तिरुनेलवेलीकडचा माणूस. मी त्याला आडनाव विचारलं. हो, मीच विचारलं! आपल्याही जिभेला खोड लागलेली असते. तो हसला. म्हणाला, "आडनाव नहीं होता हमारा. बाप के नाम का एक अक्षर, बस." त्याच्याकडं पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीनं १९२९ला चेंगलपट्टूच्या परिषदेत नावापुढची जात टाकायचा ठराव केला होता. जात गेली नाही, पण नावातून तरी उतरली. मी चार इडल्या जास्त घेतल्या.

रात्रीला पुलापलीकडं एक मुसलमानाचं हॉटेल सापडलं. बा तिथं खूश. भुना, तंदुरी रोटी, चिरलेला कांदा. काचेचे ग्लास एका टोपल्यात, ज्यानं त्यानं उचलायचे. बानं हळूच विचारलं, "बडे का है?" पोऱ्या म्हणाला, "भैंस का है चाचा. दूसरा अब बंद है." २०१५ला राज्यात बैलाच्या मांसावरही बंदी आली. म्हशीचं चालतं, कायद्यानं चालतं. तरी बा आजूबाजूला बघून घास घेत होता. लहानपणी गावात मेलेलं ढोर ओढावं लागायचं, त्याचंच खावं लागायचं. बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेलं खाऊ नका. आम्ही सोडलं. आता विकत घेतलेलं, पैसे मोजलेलं, तेही चोरावाणी खायचं. बा म्हणाला, "आपल्या ताटात सरकारचा हात लई लौकर येतो."

आता मराठी खानावळीचं सांगतो.

पाटी होती 'घरगुती जेवण, शुद्ध शाकाहारी'. मला वाटलं, आपली भाषा, आपल्या भाकरी, मायला बरं वाटेल. आत गेलो. एक काकू गल्ल्यावर. म्हटलं, तिघांचे बारा दिवस डबे पाहिजेत, कधी इथंच बसून जेवू.

"नाव?"

सांगितलं.

"मूळचे कुठले?"

"बीड जिल्हा."

"तसं नव्हे हो… म्हणजे तुमच्यात नॉनव्हेज चालतं ना? आमच्याकडं देवाचं असतं सगळं."

मी म्हटलं, मी इथं वरण-भात मागतोय, बोकड कापायला सांगत नाही. काकू वहीत बघत म्हणाल्या, "महिन्याच्या जागा भरल्यात." त्यांच्यामागं चार खुर्च्या रिकाम्या. पंखा त्यांच्यावर वारा घालत होता.

घटनेचं १५वं कलम १९५० सालापासून सांगतं की दुकान, हॉटेल, विहीर, तळं जातीच्या कारणानं कुणाला बंद करता येणार नाही. १९५५ला अस्पृश्यतेचा कायदा झाला. पण 'जागा भरल्यात' या दोन शब्दांना कुठलं कलम लावणार? पोलीस चौकीवर जाऊन सांगू काय, की साहेब, रिकाम्या खुर्च्यांनी माझी जात विचारली?

घरी येऊन काही बोललो नाही. माय माझं तोंड बघून समजली. म्हणाली, "म्हणून म्हणते, पारसल आण."

नववा दिवस रविवार होता. सकाळी पाऊस धोधो. इडलीवाला आलाच नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला एक सिंध्याचं जुनं दुकान. तिथं रविवारी दाल-पकवान असायचं. मी छत्री घेऊन निघालो. कुणास ठाऊक काय वाटलं, मायही निघाली. बा मागून आला. दुकानापाशी पोचलो तोवर तिघं भिजून चिंब. माय वळचणीला उभी राहिली. आत जाईना.

गल्ल्यावर ऐंशीच्या घरातला म्हातारा. त्यानं मायला बघितलं आणि ओरडला, "अरे अम्मा को अंदर बिठाओ, भीग रही है!" पोऱ्यानं बाकडं पुसलं. माय अवघडून कडेला बसली. कुणी ऑर्डर विचारायच्या आधी तिच्यापुढं एक स्टीलचा ग्लास आला, पाण्यानं भरलेला. बशीत भाजलेला पापड.

माय म्हणाली, "म्या पापड सांगितला न्हाई."

म्हातारा म्हणाला, "ये तो रिवाज है हमारा. कोई आए तो पहले पापड-पाणी."

मायनं ग्लास हातात घेतला. उलटसुलट बघितला. शेजारच्या टेबलावर सोन्याची साखळी घातलेला एक शेठ बसला होता, त्याच्यापुढं तसाच ग्लास. तिनं पाणी प्यायलं. सगळं. मग पकवान मोडला. कडक मैद्याचा, तळहाताएवढा, वर चणाडाळ, चिंचेची चटणी, बारीक कांदा. तीस रुपये प्लेट. माझी माय वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी हॉटेलात बसून जेवली. मी पाऊस बघत राहिलो. तिच्याकडं बघवेना.

म्हाताऱ्यानं विचारलं, "किधर के हो आप लोग?"

मायचा घास थांबला. काकूंचा प्रश्न तोच होता.

मी म्हटलं, "बीड."

"बीड में ट्रेन जाती है?"

बा म्हणाला, "न्हाई जात."

"हमारे शिकारपूर में जाती थी," म्हातारा म्हणाला. त्याला खरंच फक्त गाव पाहिजे होतं! माझा जीव खाली बसला.

मग तो बोलायला लागला. १९४८ला कराचीहून बोटीनं आले तेव्हा तो अकरा वर्षांचा. लढाईच्या वेळच्या लष्कराच्या बराकी इथं रिकाम्या पडल्या होत्या, त्याला तेव्हा कल्याण कॅम्प म्हणत. एका बराकीत कितीतरी घरं, मधे गोणपाटाचे पडदे. १९४९ला त्याचं उल्हासनगर झालं, पण लोकांच्या तोंडी कॅम्प नंबर एक ते पाच अजून तसेच. त्याच्या आईनं पापड लाटले, त्यानं ते लोकलमध्ये विकले. बाला हे पटत होतं. तोही पोरवयात उपाशी मुंबईला उतरलेला. दोघं एकमेकांकडं बघून मान हलवत होते.

"आप क्या करते थे?" म्हाताऱ्यानं विचारलं.

बा म्हणाला, "सफाई खात्यात होतो."

मी म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. तोंड बदललं नाही. त्यानं पापडाची बशी बाकडे सरकवली आणि म्हणाला, "हमारे मोहल्ले में भी एक था. रोज आता था. हम सब आ गए, उसको नहीं आने दिया. सरकार ने रोक लिया. बोले, ये गया तो सफाई कौन करेगा."

त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. आठवलं तसं सांगितलं. पण बाचा हात थांबला.

हे खरं आहे, दोस्तहो. नंतर मी बाबासाहेबांच्या खंडांत वाचलं. डिसेंबर १९४७ला त्यांनी नेहरूंना पत्र लिहून हीच तक्रार केली होती. पाकिस्तान सरकारनं सफाईवाल्यांना अत्यावश्यक सेवेत धरलं, महिन्याच्या नोटिशीशिवाय सोडणार नाही म्हणून सांगितलं. फाळणीत लोकांची घरं गेली, जमिनी गेल्या. पण एक जमात अशी, की तिला पळून जायचीही मुभा नव्हती. शेटजी बोटीत, झाडूवाला काठावर. देश दोन झाले, झाडू एकच राहिला.

बानं विचारलं, "नाव काय होतं त्याचं?"

म्हातारा गप्प झाला. कपाळ चोळलं. शिकारपूरची गल्ली त्याला आठवत होती, शाळा आठवत होती, घरामागचं झाड आठवत होतं. नाव आठवेना. म्हणाला, "मेरी माँ को पता होता."

पाऊस कमी झाला. आम्ही पैसे दिले. म्हातारा पैसे घेत नव्हता, बानं दिलेच.

वाटेत बा एक शब्द बोलला नाही. माय बोलली. "पाणी चांगल्या मनानं दिलं त्यानं. पर रोज दारात येणाऱ्या माणसाचं नाव ठावं नसावं?"

तेराव्या दिवशी गॅस आला. मायनं बेसनाचं पिठलं आणि भाकरी केली. बोटी, वजडी, चानी यातलं काही कुठल्या हॉटेलच्या पाटीवर बारा दिवसांत दिसलं नव्हतं. सिंध्याला दुकान आहे, मद्राशाला सायकल आहे, बिहाऱ्याला लिट्टीची गाडी आहे. आमचं खाणं अजून घरातच, दार लोटून.

पुढच्या रविवारी माय स्वतःहून म्हणाली, "चला." या वेळी ती बाकड्याच्या मधोमध बसली. आणि बानं पाणी पिऊन झाल्यावर म्हाताऱ्याला विचारलं, "आठवलं का नाव?" म्हाताऱ्यानं मान हलवली. त्यानंतर बा दर रविवारी विचारायचा. भांडण म्हणून नाही. दोघांची दोस्तीच झाली होती. तरी विचारायचाच.

म्हातारा २०२१ला गेला. दुकान आता नातू चालवतो. अजूनही आधी पापड-पाणी येतं. काकूंच्या खानावळीवरूनच आमचा रस्ता जातो. पाटी तीच आहे.

नव्या वस्तीत राहायला जाल तेव्हा जिथं बसवून आधी पाणी देतात तिथं जरूर खा. पोटभर खा. पाणी देणाऱ्याचे आभार माना. मग बानं विचारलं तसं विचारा, की ज्यानं तुमच्या गल्लीचं गटार काढलं त्याचं नाव काय होतं.