इकोला क्लास कशाला?

बारावी कॉमर्सच्या घरात शिकवण्यांची उतरंड ठरलेली असते. अकाउंट्सला क्लास हवाच. मॅथ्स घेतलं असेल तर त्यालाही हवा. ओसी आणि एसपी प्रिलिमच्या आधी महिनाभर मान मोडून बसलं की होतात. राहता राहिलं इको. ‘इकोला क्लास कशाला? पाठ केलं की झालं!’ हे वाक्य डोंबिवलीत मुलांच्या तोंडी असतं, पालकांच्या तोंडी असतं आणि इको शिकवणाऱ्यांनाही ते फारसं झोंबत नाही.

माझ्या भाचीचं तसं सगळं पाठ होतं. मागणीचा वक्र डावीकडून उजवीकडे खाली का येतो, हे ती बसची वाट बघताना घडाघडा म्हणून दाखवायची. तिची तक्रार वेगळीच होती. ‘मावशी, पाठ होतं गं. पण काय पाठ केलंय ते मला कळत नाही.’ बहीण सकाळच्या लोकलने जाते ती अंधार पडल्यावर घरी येते. मी घरून काम करते, त्यामुळे ‘तू जरा बघ ना कुणीतरी’ हे काम ओघानेच माझ्याकडे आलं.

शोधायला लागलं की लक्षात येतं, क्लास ढीगभर आहेत. शिकवणारं माणूस मिळत नाही. स्टेशनबाहेर विजेच्या खांबांवर, रिक्षांच्या पाठीवर, फ्लेक्सवर पासपोर्ट फोटोंच्या रांगा आणि प्रत्येक फोटोखाली टक्के. फोन केला की आधी बॅचची वेळ, मग फी, मग ‘नोट्स आमच्याच मिळतील’. एका ठिकाणी मी विचारलं, ‘लवचिकता कशी शिकवता?’ पलीकडून उत्तर आलं, ‘मॅडम, पोर्शन आमचा दिवाळीपर्यंत संपतो.’

गंमत अशी की या बाजाराचं वर्णन भाचीच्या पाठ्यपुस्तकातच आहे. मागणीच्या नियमाला जे अपवाद दिलेत, त्यात गिफेनच्या वस्तू आहेत, प्रतिष्ठेच्या वस्तू आहेत आणि किमतीचा आभासही आहे: महाग आहे म्हणजे चांगलंच असणार, ही गिऱ्हाइकाची समजूत. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी दोन क्लासांपैकी जास्त फीचा निवडला तो याच हिशोबाने. ‘उगाच का एवढी घेतात?’ त्यांना हसण्यात अर्थ नाही. शिकवणी ही वस्तूच अशी की ती घेण्याआधी पारखता येत नाही, आणि घेतल्यावर कळतं तोवर वर्ष सरलेलं असतं. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७०मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर निबंध लिहिला. विकणाऱ्याला मालाची खरी हकीकत माहीत आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगला माल हळूहळू दिसेनासा होतो, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे २००१मध्ये त्यांना नोबेल मिळालं, तेही अशाच कामासाठी. क्लासचा फ्लेक्स ही त्या जुन्या मोटारीला मारलेली नवी पॉलिश.

त्या दिवसांत मला एका वेगळ्याच गोष्टीचा आधार वाटायचा. या विषयाची घडणच मुळी शिकवणीत झाली आहे. अ‍ॅडम स्मिथ ग्लासगोच्या विद्यापीठातली प्राध्यापकी सोडून १७६४मध्ये बकलूच्या तरुण ड्यूकचा खासगी शिक्षक म्हणून फ्रान्सला गेला. वर्षाला ३०० पौंड, आणि काम संपल्यावर तेवढंच वेतन तहहयात. विद्यार्थ्याचं वय सतरा, म्हणजे आपल्याकडच्या बारावीतल्या पोराएवढंच. तुलूझला त्याचा वेळ जाईना, तेव्हा वेळ घालवायला एक पुस्तक लिहायला घेतलंय, असं त्याने मित्राला, डेव्हिड ह्यूमला कळवलं. ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ १७७६मध्ये बाहेर आलं. त्यात ऑक्सफर्डच्या प्राध्यापकांवर त्याने कोरडे ओढलेत: पगार बांधलेला असल्यामुळे त्यांनी शिकवण्याचं सोंगसुद्धा सोडून दिलंय म्हणून.

जेन मार्सेट या बाईंनी तर १८१६मध्ये सबंध अर्थशास्त्र संवादातच लिहिलं. मिसेस बी. शिकवणार आणि कॅरोलाइन शंका काढणार. कॅरोलाइनला सुरुवातीला या विषयाचा तिटकाराच असतो, हे मला फार आवडलं. आपल्याकडे बाबासाहेब आंबेडकर १९१८मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याआधीच्या ओढगस्तीच्या दिवसांत त्यांनीही शिकवण्या केल्या होत्या. मनात यायचं, एवढ्या थोर परंपरेतलं एखादं माणूस डोंबिवली पूर्वेत का असू नये?

ते सापडलं वाण्याच्या दुकानात. यादी देता देता मी सहज विषय काढला, तर वाणी म्हणाला, ‘मागच्या गल्लीत एक बाई आहेत, ज्युनिअर कॉलेजातून रिटायर झाल्यात. पण त्या बोर्ड लावत नाहीत.’ दोन जिने चढून गेलो. बाईंनी निकालाबद्दल अवाक्षर काढलं नाही. भाचीला समोर बसवलं, वही मिटायला लावली आणि विचारलं,

‘कोथिंबिरीची जुडी वीसची पन्नास झाली तर घरात काय होतं?’

‘आई आणत नाही. पोह्यांवर खोबरं घालते.’

‘मीठ दुप्पट महाग झालं तर?’

‘तेवढंच आणू.’

‘बाबांचा फर्स्ट क्लासचा पास महागला तर?’

भाची जरा थांबली. ‘सेकंडने जातील. पण घरी येऊन चिडतील.’

‘ते चिडणं आलेखात मावत नाही,’ बाई म्हणाल्या, ‘पण लक्षात ठेव. आता सांग, मिठाला जे जमलं ते कोथिंबिरीला का जमलं नाही?’

‘कोथिंबिरीला पर्याय आहे,’ असं भाची म्हणाली आणि स्वतःच चमकली. पुस्तकातलं पर्यायांवरचं वाक्य तिला तोंडपाठ होतं. ते आपल्या ओट्यावरचं आहे हा पत्ताच नव्हता.

निघताना मी फीचं विचारलं. बाईंनी आकडा सांगितला, तो क्लासच्या निम्म्याहून कमी होता, आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात क्षणभर पाल चुकचुकली. किमतीचा आभास अभ्यासक्रमापुरताच नसतो.

बोर्डाच्या पेपरात एक प्रश्न असतो: खालील विधानाशी तुम्ही सहमत आहात किंवा नाही, ते सकारण स्पष्ट करा. क्लासच्या नोट्समध्ये ‘होय, मी सहमत आहे’ हे छापूनच येतं, खाली कारणांचे मुद्दे. मुलं सहमतीसुद्धा पाठ करतात. बाईंनी यावर साधा तोडगा काढला. फेअर वहीत पुस्तकातलं उत्तर, कारण मार्क लागतात आणि मार्कांना त्या कमी लेखत नाहीत. रफ वहीत भाचीचं स्वतःचं मत, आणि त्याला मात्र दुसऱ्याचं कारण चालणार नाही.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या धड्यात ते फळाला आलं. उत्पन्न मोजण्याच्या अडचणींत पुस्तकाने एक सांगितली आहे: घरातल्या बाईने पैसे न घेता केलेली कामं हिशोबात येत नाहीत. भाचीने फेअर वहीत तसं लिहिलं. रफ वहीसाठी ती कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रात गेली, पोळीचा आणि भाजीचा दर लिहून आणला आणि आजीच्या महिन्याभराच्या डब्यांची बेरीज मांडून आजीपुढे ठेवली. आजीने चष्मा लावून आकडा दोनदा वाचला. ‘मग दे की हे बिल माझ्या लेकाला,’ म्हणाली, ‘मागच्या वीस वर्षांचं व्याज धरून.’

पुढच्या तासाला बाईंनी तेच पुढे ओढलं. ‘आजींनी दर दुप्पट केला तर त्यांच्या पोळ्यांची मागणी किती घटेल?’ भाचीने विचार न करता उभी सरळ रेघ मारली. पूर्ण अलवचिक. बाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि विचारलं, ‘कोपऱ्यावर पोळीभाजी केंद्र आहे ना?’

भाचीने रेघ खोडली आणि जराशी कलती काढली. कुठल्या बाजूला आणि किती, यावर घरी अजून वाद चालू आहे. आजीच्या मते पहिलीच बरोबर होती.