डावा हात

आमच्या डाव्या हाताविषयी साठ वर्षांत आमची कसलीच तक्रार नव्हती. नगरच्या एका भजनी मंडळात आम्ही पुष्कळ वर्षे पेटी वाजविली. पेटीवर सारा मान उजव्या हाताचा. स्वर तो काढतो, मुरक्या तो घेतो, आणि बुवांनी मागे वळून मान डोलाविली तर तीही त्याच्यासाठीच. डाव्याने मुकाट्याने भाता हलवावयाचा. ही वाटणी अन्यायाची आहे, असे आमच्या कधी मनातही आले नव्हते.

तीन वर्षांपूर्वी आमची कन्या नोकरीसाठी परदेशी गेली आणि तिचा डिजिटल पियानो आमच्या माजघरात राहिला. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचे ते वाद्य मोठे चमत्कारिक आहे. त्यात भाता नाही, तारही नाही. पट्टी दाबली की खऱ्या पियानोचा अगोदर ध्वनिमुद्रित करून ठेवलेला स्वर, बोटाच्या वेगाप्रमाणे लहान किंवा मोठा होऊन बाहेर पडतो. वीज गेली की सारे मुके. कानांवर यंत्र चढविले की वाजविणारा ऐकतो आणि घरातल्या इतरांना पट्ट्यांची नुसती टकटक ऐकू येते. आमच्या मंडळींच्या मते ती सुपारी कातरल्यासारखी वाटते.

पाश्चात्त्य सुरावट नगरला काही नवी नव्हे. अमेरिकन मिशन येथे 1831 साली आले. आमची पेटी तरी मूळची युरोपातलीच ना? उलट, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी याच गावी राहून ख्रिस्तभक्ती अभंग-ओव्यांत आणली. तेव्हा एका भजनी पेटीवाल्याने पियानोपुढे बसण्यात धर्म बुडतो असे नाही. बुडतो तो केवळ अभिमान.

पियानोवर स्वरलिपीचा एक कागद तसाच उघडा राहिला होता. डोमेनिको स्कार्लाटी याचा डी मायनरमधील सोनाटा. कन्येने शिसपेन्सिलीने बोटांचे आकडे घातले होते, पण ते निम्म्यावरच थांबले होते. पुढचा भाग कोरा होता. तो कोरा भाग आम्हांला पाहवेना, म्हणून आम्ही शिकावयास बसलो, हे येथे कबूल केलेले बरे.

सुरुवातच आमच्यावर उलटली. उजवा हात एक वाक्य बोलतो, आणि तो पुढे सरकतो न सरकतो तोच डाव्याने तेच वाक्य खाली बोलावयाचे! ज्याला जन्मात कोणी काही विचारले नाही, त्याला एकाएकी भर सभेत उत्तर द्यावयास उभे केले, तशी त्याची गत झाली. पहिले चार आठवडे तो भाता शोधीत होता. दुसरी अडचण षड्जाची. आमच्याकडे तंबोरा एकदा लागला की मैफल संपेपर्यंत षड्ज ढळत नाही. येथे पहिला भाग स्वतःचे घर सोडून परक्या षड्जावर जाऊन थांबतो आणि दुसरा भाग वळणे घेत मूळ घरी परततो. ही चाल कानांना पटावयास आम्हांला बरेच दिवस लागले.

मग आम्ही या गृहस्थाची माहिती काढली. जन्म नेपल्सचा, 1685 मधला. बाख आणि हँडेल यांच्याच सालचा. पुढे तो पोर्तुगालच्या दरबारी राजकन्या मारिया बार्बरा हिचा शिक्षक झाला. 1729 साली ती स्पेनच्या युवराजाला दिली, तेव्हा शिष्येच्या मागोमाग गुरूही स्पेनला गेला आणि 1757 मध्ये तेथेच वारला. त्याचे साडेपाचशेहून अधिक सोनाटे आज उपलब्ध आहेत. त्यांतील तीस त्याने 1738 साली छापून पोर्तुगालचा राजा पाचवा जुआंव याला अर्पण केले. आमचा सोनाटा त्यांतला पहिला. आणि गंमत पाहा, पुढच्याच वर्षी, 1739 मध्ये, चिमाजी आप्पांनी वसई घेतली ती याच राजाची! नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरील घंटा त्या वसईच्या लुटीतली. म्हणजे त्या राजाची घंटा गोदाकाठी वाजते आणि त्याला अर्पिलेला सोनाटा आमच्या माजघरात अडखळतो.

पण आमच्या मनात घर करून राहिली ती दुसरीच गोष्ट. शिष्या सासरी निघाली आणि गुरू तिच्यामागून गेला. बापांना तसे जाता येत नाही.

या वाद्यात हार्पसिकॉर्डचा आवाज काढणारी एक कळ आहे. स्कार्लाटीने रचना केल्या त्या मुख्यतः त्याच वाद्यासाठी. त्यात तार छेडली जाते, म्हणून पट्टी जोराने दाबा की हळू, स्वर जवळजवळ सारखाच निघतो. ती कळ दाबली आणि आम्हांला प्रथमच डावा हात स्वच्छ ऐकू आला. बलवान उजव्याला तेथे त्याच्यावर ओरडता येत नाही. तो चुकत होता खरा, पण बोलत होता.

परवा सायंकाळी आमची मंडळी दारात येऊन म्हणाली, "अहो, ते कानांवरचे काढा की. आम्हांलाही ऐकू द्या."

आम्ही काढले. पहिला भाग वाजविला. शेवटाजवळ, जेथे दोन्ही हात एकदम धावतात, तेथे डावा नेहमीप्रमाणे घसरला. आम्ही ओशाळून थांबलो.

"इथंच तीही अडायची," ती म्हणाली, आणि जायचे सोडून तेथेच पाटावर बसली. "पुन्हा घ्या."

आम्ही पुन्हा घेतले.