दोष नजरेचा?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील चौथीपर्यंत शिकले, आईला सही करता येते. त्यामुळे मी काही सांगितले की घरात ते खरेच धरले जाते. या मानाचा मला अभिमान वाटे. गेल्या पावसाळ्यापासून मात्र त्याची थोडी भीती वाटू लागली आहे.

त्याचे असे झाले. आमच्या वाङ्मय मंडळाने विज्ञान शाखेच्या एका सरांचे व्याख्यान ठेवले होते. सर म्हणाले, दोन फटींच्या दिशेने एकेक इलेक्ट्रॉन सोडला तर पलीकडच्या पडद्यावर हळूहळू लाटांसारखे पट्टे उमटतात. पण कोणता इलेक्ट्रॉन कोणत्या फटीतून गेला हे पाहण्याची सोय केली, की पट्टे नाहीसे होतात! मी थक्क झालो. व्याख्यान अजून चालू होते, पण पाचची एस.टी. गाठायची म्हणून मी मधूनच उठलो.

घरी ताई बाळंतपणाला आलेली. बाळ तिन्हीसांजेला फार रडे. आजी मीठ-मोहरी ओवाळी आणि शेजारच्या मावशींच्या नावाने बोटे मोडी. मावशींना मूल नाही. दुपारी त्या बाळाला बघायला येत. मी ऐटीत म्हणालो, ‘‘आजी, यात खोटे काही नाही. नुसते बघितल्याने वस्तू बदलते, हे शास्त्रानेच सिद्ध केलेय.’’

आजी आईकडे वळून म्हणाली, ‘‘ऐकलंस? कालिजातलं पोर सांगतंय!’’

बारशाला साऱ्या आळीत बोलावणे गेले. मावशींच्या दारी गेले नाही. पाळणा म्हटला जात होता, तेव्हा त्यांचे दार लोटलेले होते. त्यांनी जुन्या लुगड्याचे शिवून दिलेले दुपटे आमच्या कोनाड्यात तसेच पडून होते. ते पाहिले आणि घास घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी मी सरांना गाठले. सारे ऐकून ते म्हणाले, ‘‘अर्धे व्याख्यान ऐकलेस तू! भौतिकशास्त्रातले ‘पाहणे’ म्हणजे डोळ्यांनी बघणे नव्हे. कणाचा माग कशावर तरी उमटणे, एवढाच त्याचा अर्थ.’’ मग त्यांनी व्हिएन्नातले प्रयोग सांगितले. तिथे 1999 साली कार्बनच्या 60 अणूंच्या रेणूंचेही असे पट्टे मिळाले. पुढे 2004 साली 70 अणूंचे रेणू खूप तापवून सोडले, तेव्हा पट्टे पुसट होत गेले. बघायला कोणी नव्हते. तापलेल्या रेणूंनी स्वतःच बाहेर टाकलेल्या प्रकाशाने त्यांचा ठावठिकाणा उघड केला होता. ‘‘आणि तुमचे बाळ?’’ सर हसले, ‘‘ते उबदार आहे, हवेचे असंख्य रेणू त्याच्यावर क्षणोक्षणी आदळतात, उजेड पडतो. इलेक्ट्रॉनचे ते नाजूकपण तिथे टिकणार कसे? डोळ्यातून काही बाहेर जात नाही, उजेड आत येतो. त्या बाईंनी डोळे मिटले, तरी बाळावर पडणारा उजेड तेवढाच!’’

घरी येऊन मी हे सांगितले. आजी म्हणाली, ‘‘तवा येक सांगतोस, आता येक.’’ माझे अर्धे ज्ञान तिने लगेच उचलले होते. पुरे ज्ञान तिच्या गळी उतरेना. दोष तिला कसा देऊ? तिच्या समजुतीवर शास्त्राचा शिक्का मीच मारला होता.

शेवटी ताईला विचारून मी बाळाला त्या दुपट्यात गुंडाळले आणि मावशींकडे गेलो. त्यांनी मान वर केली नाही. जमिनीकडे बघत म्हणाल्या, ‘‘नको रे बाबा. माझी नजर वाईट म्हणतात.’’

तेव्हा मला कळले, रोजच्या जगातही बघण्याने बदल होतो. फक्त तो इलेक्ट्रॉनचा नियम नव्हे. लोक आपल्याला काय म्हणतात हे इलेक्ट्रॉनला कळत नाही, माणसाला कळते. आळीने वर्षानुवर्षे मावशींकडे ज्या नजरेने पाहिले, तिने त्यांची मान खाली गेली होती. त्या नजरांत एक माझीही होती, आणि तीच सर्वांत शिकलेली!

मी काही बोललो नाही. बाळाला त्यांच्या मांडीवर ठेवले. ते रडले नाही. टक लावून त्यांच्याकडे बघत राहिले.