पाणीमहाल आणि आपले छत

पावसाळ्यात धाराशिव जिल्ह्यात आलात, तर नळदुर्गचा पाणीमहाल अवश्य पाहावा. सतराव्या शतकाच्या आरंभी, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटातच तो बांधला गेला. माथ्यावरून नदी कोसळत असते आणि आतल्या दालनात माणूस कोरडा उभा राहतो. पायऱ्या उतरताना मात्र वडीलधाऱ्यांचा हात धरावा.

याच भागातील माळवदांवर पावसाळ्यापूर्वी पांढरी माती पसरून चोपण्याची रीत होती. स्लॅब आले, रीत सुटली. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एक आजी आल्या. छतातून ठिबकलेल्या पाण्यावर रात्री पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. ओल्या भिंतीवर बुरशी धरते, तिने दमाही बळावतो.

म्हणून उन्हाळ्यातच गच्चीवर पाणी सोडून ते कोठे साचते, कोठे मुरते हे पाहा. भेगा बुजवून घ्या, पन्हळी मोकळ्या करा. गळती थांबेपर्यंत आजी-आजोबांची खाट कोरड्या खोलीत हलवा आणि रात्री वाटेवर दिवा ठेवा. हाड सांधण्यापेक्षा भेग सांधणे केव्हाही सोपे.