मुकें इंजिन

माणसांतला दोष आम्हांला लांबूनही चटकन दिसतो. यंत्रांतला दोष मात्र यंत्र हातांत घेऊन बसलें तरी दिसत नाहीं. या दुसऱ्या प्रकारचा अनुभव आम्हीं गेल्या श्रावणांत पोटभर घेतला, आणि तोही एका खेळण्यापायीं. खेळणें म्हटलेलें आमच्या चिरंजीवांना खपत नाहीं. ते त्याला ‘मॉडेल’ म्हणतात. परदेशीं असलेल्या आमच्या भाच्यानें पाठविलेलें तें आगगाडीचें इंजिन खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढें आहे. दिसण्यांत तें वाफेचें. पण आंत वाफ नाहीं, पाणी नाहीं, कोळसा तर नाहींच. पोटांत एक विजेची मोटर, मागच्या टेंडरांत रुपयाएवढा लाउडस्पीकर, आणि या दोहोंवर हुकमत चालविणारा, काडेपेटीहून लहान असा ‘डीकोडर’ नांवाचा फलक, एवढाच त्याचा संसार. परंतु या फलकाच्या स्मरणांत खऱ्या इंजिनाचे ध्वनि सांठविलेले असतात. शिटी, वाफेची भकभक, कोळसा ओढणाऱ्या फावड्याचा खरखराट, सारें कांहीं.

हें इंजिन मागविलें होतें तें आप्पांसाठीं. आप्पा म्हणजे आमचे वडील. परळचा रेल्वेचा कारखाना ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनें १८७९ सालीं उभारला. त्यांत आप्पा १९५८ सालीं लागले आणि निवृत्त होईपर्यंत लालबागच्या आमच्या चाळींतून तेथें पायीं जात राहिले. उमेदीचीं पहिलीं वर्षें त्यांनीं वाफेच्या इंजिनांवर फिटर म्हणून काढलीं. बॉयलरवर दिवसभर घण पडत, आणि त्या गदारोळांत अनेकांनीं आपले कान गमावले. आप्पा त्यांतलेच एक. पुढें १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर आमच्या वस्तीचे भोंगे एकेक करून थांबले; वाफेचें इंजिनही मुंबईच्या रुळांवरून नाहींसें झालें. आप्पा मात्र संध्याकाळीं गॅलरींत बसले म्हणजे म्हणत, “इंजिन बोलतें रे. ऐकतां आलें तर त्याचा आजार शेडच्या दाराबाहेरून कळतो.” तें बोलणें त्यांना एकदां पुन्हां ऐकवावें, म्हणून गणपतीच्या आराशींत रूळ मांडून हें इंजिन फिरविण्याचा आम्हीं घाट घातला. पुण्यास कोथरुडांत १९९८ पासून जोशी यांचें लहान आगगाड्यांचें संग्रहालय आहे. तें पाहून आल्यापासून चिरंजीवांच्या डोक्यांत हें वेड होतेंच.

मुलांच्या जुन्या गाडीला रुळांतून जितका विजेचा दाब द्यावा तितकी ती पळे. दाब काढला कीं थांबे. ही नवी पद्धत निराळी. जर्मनींतील लेन्झ यांच्या कामाच्या आधारें अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशननें १९९० च्या दशकांत तिचे नियम ठरवून दिले. हिच्यांत रुळांवर सुमारें चौदा-पंधरा व्होल्टांचा दाब सदा असतो, आणि तो सेकंदाला हजारों वेळां उलटसुलट होत असतो. एका दिशेचा दाब ५८ मायक्रोसेकंद टिकला तर तो ‘एक’, १०० किंवा अधिक टिकला तर ‘शून्य’. अशा एक-शून्यांच्या ओळींतून हुकूम जातो कीं, तीन नंबरच्या इंजिनानें शिटी वाजवावी. रुळांवर दहा इंजिनें उभीं असलीं तरी ज्याचा नंबर तें एकटेंच हुकूम पाळतें. ज्यांनीं चाळींत एका बंड्याला हांक मारून चार भलतेच बंडू हजर झालेले पाहिले आहेत, त्यांना या शिस्तीचें मोल सांगावयास नको.

श्रावण निम्मा सरला आणि आमच्या इंजिनाला उचकी लागली. हातभर धांवावें, आवाज तुटावा, आणि तो पुन्हां पहिल्यापासून सुरू व्हावा. शेजाऱ्यांनीं आपापलीं निदानें सांगितलीं. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानदारानें तर पेटी न उघडतांच सांगितलें, “डीकोडर गेला. नवा घाला.” नव्याची किंमत ऐकून आम्ही घरीं परतलों ते पडेल चेहऱ्यानें. आप्पांच्या कानाशीं तोंड नेऊन सर्व हकीकत ओरडून सांगितली. त्यांनीं इंजिन मागितलें, उताणें केलें, एका चाकावर अंगठा घांसला, आणि तो काळा झालेला अंगठा आमच्यापुढें धरला.

चाक आणि रूळ जेथें टेंकतात ती जागा मोहरीहूनही लहान असते. वीज तेथूनच येते आणि हुकूमही तेथूनच. पावसाळ्याची दमट हवा आणि समोरच देवाच्या कोनाड्यांतील निरांजनाची काजळी यांनीं तेथें पुट चढविलें होतें. इंजिन आपल्या गतीच्या जोरावर तेवढी जागा ओलांडून जाई. परंतु डीकोडरची वीज पापणी लवते न लवते तोंच तुटली तरी तो झोंपीं जातो आणि जागा झाला म्हणजे आपली कथा पहिल्यापासून सांगूं लागतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलांत भिजविलेल्या चिंधीनें आम्हीं रूळ पुसले, चाकें पुसलीं, चाकांवर टेंकणाऱ्या पितळी पट्ट्या किंचित् वांकवून घट्ट केल्या. उचकी गेली. दुकानदाराचें निदान अर्थात् आम्हीं त्याला परत नेऊन दिलें नाहीं.

चार दिवसांनीं इंजिन पुरतें मुकें झालें. धांवे, दिवा लावी, पण आवाज नाहीं. चिरंजीवांनीं उपाय काढला. डीकोडरांत नोंदींचीं घरें असतात. प्रत्येक घराला क्रमांक आणि घरांत एक आंकडा. पुष्कळ डीकोडरांत आठव्या घरांत आठ हा आंकडा लिहिला कीं सर्व घरें मूळ अवस्थेला जातात. त्यांचें बोट कळीवर होतें, तोंच आम्हीं पुसलें, “मग आपण शिकविलेलें काय होईल?” उत्तर आलें, “तें विसरेल.” त्याचा नंबर पुन्हां तीन होणार, वेगाची बसविलेली घडी मोडणार, आवाजांचे लावलेले पडदे पुसले जाणार. आप्पांना हें कळल्यावर ते म्हणाले, “अरे, आधीं विचार, मग खोल. नाडी न पाहतां जुलाब देतात का?”

विचारण्याचीही सोय या पद्धतींत आहे. रुळाचा एक तुकडा वेगळा काढून त्यावर बेताचीच वीज सोडतात, म्हणजे आंत कांहीं बिघाड असला तरी डीकोडर जळत नाहीं. मग प्रश्न जातो: ‘पहिल्या घरांत तीन आहे काय?’ डीकोडरला तोंड नाहीं. उत्तर होय असलें तर तो मोटरीला सहा मिलिसेकंदांपुरता विजेचा झटका देतो. तेवढा जादा ओढलेला प्रवाह चालकपेटीला कळतो आणि चाक जागच्या जागीं हललेंसें वाटतें. आमच्या इंजिनानें प्रत्येक प्रश्नाला असा होकार दिला. आवाजाच्या घरांतला आंकडा ठीक होता. आवाज बंद करण्याची कळही कोणीं दाबलेली नव्हती. म्हणजे डोकें शाबूत होतें. मग मीटर घेऊन बसलों. आठ ओहमच्या लाउडस्पीकरनें सातांच्या आसपास दाखविलें, म्हणजे तोही निर्दोष. उरली तार. इंजिन आणि टेंडर यांच्या मध्यें, प्रत्येक वळणावर जेथें ती वांकते, तेथें ती आवरणाच्या आंत तुटलेली निघाली, बाहेरून अखंड. अधिक लवचीक तार घालून डाग दिला. दोन्ही उघडीं टोकें एकमेकांस लागूं दिलीं नाहींत. तीं भिडलीं असतीं तर आवाज वाढविणारा भाग जळण्याची भीति होती.

रात्रीं आप्पांना समोर बसविलें. इंजिन निघालें, भकभक झाली, शिटी झाली. आमच्या मंडळींनीं टाळ्या वाजविल्या. आप्पा इंजिनाकडे पाहत राहिले, मग आमच्याकडे पाहून म्हणाले, “चालूं कर ना.”

आम्हीं आवाज पूर्ण वाढविला. कांहीं उपयोग झाला नाहीं. रुपयाएवढ्या लाउडस्पीकरांतून खोल, घोगरा आवाज निघत नाहीं. जो निघतो तो उंच पट्टींतला. आणि घणाच्या आवाजानें जे सूर आधीं जातात ते तेच. इतके दिवस आम्हीं रूळ तपासले, चाकें तपासलीं, तारा तपासल्या. ज्यांच्यासाठीं हा खटाटोप केला त्यांचे कान ध्यानांतच घेतले नाहींत. आम्हीं कळ दाबून इंजिन थांबविलें. कोणीं कांहीं बोललें नाहीं.

मग आप्पांनीं खूण करून तें पुन्हां चालवावयास लावलें, अगदीं सावकाश, आणि टेंडरच्या माथ्यावर तर्जनी टेंकवून ते फळीभोंवतीं त्याच्याबरोबर वांकून चालूं लागले. एक फेरा झाला, दुसरा झाला. ते म्हणाले, “ह्याचे ठोके चुकताहेत. झडप नीट लावलेली नाहीं.”

आम्हांला हंसूं आलें. या इंजिनांत झडप कोठली? तरी चिरंजीवांनीं चाकावर चुन्याचा ठिपका दिला आणि मोजलें. दोन सिलिंडरांच्या इंजिनांत प्रत्येक दट्ट्या दोन्ही बाजूंनीं वाफ सोडतो, म्हणून चाकाच्या एका फेऱ्याला ठोके चार. आमच्या इंजिनाचे तीन पडत होते. फार तर साडेतीन. या ठोक्यांना चाकाशीं जोडणारा दांडा नसतो. डीकोडर वेगाच्या अंदाजानें ते देतो, आणि तो अंदाज नोंदींतल्या एका आंकड्यावर ठरतो. तास-दीड तास तो आंकडा आम्हीं वरखालीं केला. प्रत्येक वेळीं आप्पा बोट लावीत आणि मान हलवीत. अखेर त्यांनीं बोट उचललें. “आतां चार.” ठिपकाही तेंच सांगत होता.

गणपतीच्या दिवसांत चाळींतील मुलांनीं इंजिनाची शिटी मनसोक्त ऐकली. आप्पा आराशीजवळ खुर्ची घेऊन बसत आणि इंजिन समोरून जाई तेव्हां त्यावर बोट ठेवीत. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, म्हातारबुवांना खेळण्याचा मोह सुटत नाहीं. विसर्जन झाल्यावर आम्ही इंजिन डब्यांत भरीत असतां ते म्हणाले, “पुढल्या वर्षीं काढशील तेव्हां झडप पुन्हां बघ. राहून राहून सरकते.” त्यांत झडप नाहीं हें त्यांना आमच्याइतकेंच ठाऊक आहे. आम्हीं “होय, बघतों” म्हटलें, आणि डब्यावर तो आंकडा लिहून ठेवला.