पल्ला आणि मुक्काम

आमच्या भागातील जुन्या मराठी घरांत अंतर मोजण्याची एक वेगळीच रीत होती. गाव किती कोसांवर आहे यापेक्षा वाटेत बैल कुठे सोडायचे, हे आधी सांगत. पहाटे जुंपलेली गाडी उन्हे चढल्यावर कोणत्या विहिरीपाशी थांबेल, वैरण कोणाच्या खळ्यावर मिळेल, रात्र कोणत्या सोयऱ्याकडे काढायची, हाच प्रवासाचा हिशेब असे. १९३२ साली निजामाच्या राज्यात रेल्वेखात्याने मोटारबस सुरू केल्या, पुढे जीप आल्या, मोटारी आल्या, आणि मुक्कामाची ती भाषा लोपली. पाच मिनिटांत टाकी भरून पुढे निघणाऱ्याला मुक्काम कशाला हवा? परंतु घरासाठी विजेवर चालणारी मोटार निवडताना तीच विसरलेली भाषा आम्हांला पुन्हा शिकावी लागली. म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही भालकीचे. घरात मुलगा, सूनबाई, दोन नातवंडे, मी आणि शहाऐंशी वर्षांची आई. आईचे माहेर निलंग्याचे. १९५६ पूर्वी भालकी आणि निलंगा हे एकाच बीदर जिल्ह्यातले तालुके. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली. भालकी म्हैसूर राज्यात गेली, निलंगा, उदगीर, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. आई १९५८ साली लग्न होऊन आली तेव्हा ही सीमा अवघी दोन वर्षांची होती. सासर एका राज्यात, माहेर दुसऱ्या राज्यात, ही गोष्ट आपल्यापैकी कित्येक घरांत आहे. म्हणून आपल्याकडे मोटार ही चैनीची वस्तू नाही. नकाशाने तोडलेले नाते ती जोडून धरते.

जुनी डिझेल गाडी थकली तेव्हा मुलाने विजेच्या गाडीचा विषय काढला. त्याच्या डोळ्यांसमोर होत्या त्या क्रॉसओव्हर म्हणतात त्या जातीच्या गाड्या: बांधणी मोटारीची, उंची मात्र जीपकडे झुकणारी. खाचखळग्यांच्या रस्त्यांना ही उंची बरी, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली वाकून बसावे लागत नाही. कर्नाटकाला विजेची मोटार नवी नाही, हेही त्याने ऐकवले. २००१ साली बंगळुरातच ‘रेवा’ ही इवलीशी गाडी तयार होऊन बाजारात आली होती. पण ती शहरातल्या गल्ल्यांपुरती. घराणे घेऊन परगावी जाण्याजोगी गाडी आपल्या देशात २०१९ आणि २०२० च्या सुमारास येऊ लागली. २०२० च्या जानेवारीत आलेल्या टाटांच्या नेक्सॉनची बॅटरी ३०.२ युनिटांची होती आणि कागदावरचा पल्ला ३१२ किलोमीटरांचा.

आम्ही तीन गाड्या तुलनेला घेतल्या. नेक्सॉनची ४५ युनिटांची आवृत्ती आणि एमजी कंपनीची ३८ युनिटांची विंडसर, या दोन्ही २०२४ च्या सप्टेंबरातल्या. आणि २०२५ च्या जानेवारीत आलेली ह्युंदाईची विजेवरची क्रेटा, तिची मोठी बॅटरी ५१.४ युनिटांची. कागदावरचे पल्ले अनुक्रमे ४८९, ३३२ आणि ४७३ किलोमीटर. मुलगा आकडे वाचून दाखवीत होता. आईने ते शांतपणे ऐकले आणि म्हणाली, “गाडी किती लांब जाते ते मला नको सांगूस, बाळा. माझ्या भावाच्या दारापर्यंत जाऊन दिवस मावळायच्या आत परत येते का, तेवढं सांग.”

तुलनेची खरी कसोटी आईने अशी एका वाक्यात सांगितली. कागदावरचा पल्ला ठरावीक वेगाने, ठरावीक हवामानात चाचणी घेऊन काढलेला असतो. वैशाखातले आपले ऊन, गाडीत पाच माणसे, वातानुकूलन चालू आणि महामार्गावरचा वेग, एवढे धरले की त्यातला चौथा हिस्सा ते तिसरा हिस्सा वजा करावा लागतो. नेक्सॉनच्या कंपनीने स्वतःच प्रत्यक्षातला पल्ला ३५० ते ३७० किलोमीटर सांगितला होता. आम्ही सावधपणे तीनशेच धरला. मग आमच्या आयुष्यातल्या वाटा कागदावर मांडल्या. निलंगा जाऊन-येऊन सव्वाशेच्या आत. आईच्या हृदयाच्या तपासणीसाठी कलबुर्गी, जाऊन-येऊन दोनशेच्या थोडे वर. पौर्णिमेला गाणगापूर, जाऊन-येऊन तीनशेच्या घरात. आणि लेकीकडे पुणे, एका बाजूने चारशेहून अधिक.

या चार वाटांनी निवड सोपी केली. पहिल्या दोन वाटा तिन्ही गाड्यांना जमतात. विंडसरला मात्र कलबुर्गीहून परतताना हातचे फारसे उरत नाही. गाणगापूरला कलबुर्गीत थांबून थोडी वीज भरून घेतलेली बरी. पुण्याला तिन्हींपैकी कोणतीही गाडी एका दमात जात नाही. वाटेत सोलापूर घ्यावेच लागते. जलद चार्जिंगच्या केंद्रावर पाऊण ते एक तासात बॅटरीचा बराच भाग भरतो. उमरग्याहून सोलापूरकडे जाणारा हा रस्ता आपल्या ओळखीचा. पूर्वी बैल सोडीत त्याच वाटेवर आता गाडीला दोरीऐवजी केबल लावायची, इतकाच फरक.

विंडसरचा एक प्रकार मात्र मला फार मौजेचा वाटला. बॅटरी विकत न घेता भाड्याने घ्यायची. बाजारात आली तेव्हा गाडीची किंमत त्यामुळे ९ लाख ९९ हजारांवर आली होती आणि बॅटरीचे भाडे किलोमीटरमागे साडेतीन रुपये होते. म्हणजे गाडी आपली, बैल भाड्याचे! कमी फिरणाऱ्याला हे परवडते. आमच्यासारख्या सोयऱ्याधायऱ्यांच्या गोतावळ्याला ते भाडेच जड झाले असते.

उष्म्याचा विचारही करावा लागला. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि बॅटरीला ऊन मानवत नाही. नेक्सॉन आणि विंडसरमधली बॅटरी लोह-फॉस्फेटाच्या जातीची आहे. ती वजनाने काहीशी जड, पण उष्णता अधिक सोसणारी आणि पुष्कळ वेळा भरली-रिकामी केली तरी टिकणारी. गाडी सावलीत उभी करावी, उन्हातून आल्या आल्या लगेच चार्जिंगला लावू नये, ही पथ्येही बैलांच्याच पथ्यांसारखी आहेत. तापून आलेल्या जनावराला कोणी लगेच पाणी पाजीत नसे.

घरच्या विजेची व्यवस्था हा तुलनेतला सर्वांत दुर्लक्षित भाग. पंधरा अँपिअरच्या साध्या प्लगवरून ४५ युनिटांची बॅटरी पूर्ण भरायला चौदा-पंधरा तास लागतात, ७.२ किलोवॉटचा चार्जर भिंतीवर बसवला तर साडेसहा-सात. त्यासाठी मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो आणि अर्थिंग नीट असावे लागते. जुन्या वाड्यांतली वायरिंग आपण सर्व जाणतोच. खर्चाचे म्हणाल तर शंभर किलोमीटरला पंधरा युनिटे धरली आणि युनिटाचा दर सात रुपये धरला, तर शे-सव्वाशेत काम होते. जुन्या गाडीला तेवढ्याच वाटेसाठी सहा लिटर डिझेल लागे. नेक्सॉन आणि क्रेटा यांच्या बॅटरीतून घरातली पंखा-दिव्यासारखी उपकरणेही चालवता येतात. वीज गेलेल्या रात्री आईच्या खोलीतला पंखा फिरत राहील, हे मला त्यांच्या वेगापेक्षा मोलाचे वाटले.

शेवटचा कौल आईच्या गुडघ्यांनी दिला. या गाड्यांत बॅटरी पायांखाली असते, त्यामुळे तळ उंच होतो आणि मागच्या आसनावर गुडघे थोडे वर येतात. विंडसर आतून ऐसपैस, मागे पाय पसरायला भरपूर जागा. पण लांबी ४.३ मीटरच्या जवळपास, आणि क्रेटा त्याहून किंचित लांबच. आमच्या पेठेतल्या वळणावर तेवढी गाडी दोन-तीनदा मागेपुढे केल्याशिवाय वळत नाही. चार मीटरच्या आत बसणारी नेक्सॉन एका दमात वळली. तिच्या पुढच्या आसनावर आई कोणाचाही हात न धरता बसली आणि उतरली. निर्णय तिथेच झाला.

गाडी आल्यावर घरात एक नवा नियम रुजला. बॅटरी चाळीस टक्क्यांच्या खाली ठेवून कोणी निजायचे नाही. रात्री-अपरात्री कलबुर्गीला जावे लागले तर वाटेपुरती वीज हाताशी हवी. आमच्या आज्जी रात्री हंडे भरून ठेवल्याशिवाय निजत नसत, त्याच जातीचा हा नियम आहे.

निलंग्याला जाऊन यायला वाटेत वीज भरावी लागत नाही. तरी मामांनी हौसेने ओसरीवर एक पंधरा अँपिअरचा प्लग बसवून घेतला आहे. दुपारचे जेवण, आईची वामकुक्षी आणि बहीण-भावाच्या गप्पा मिळून चार तास होतात. तेवढ्यात बारा-तेरा युनिटे, म्हणजे ऐंशीएक किलोमीटरांची बेगमी होते. डिझेलची गाडी होती तेव्हा आम्ही चहा घेऊन तासाभरात परत निघत असू. आता गाडी चार्जिंगला लावली आहे, हे सांगितले की कोणी घाई करीत नाही.

क्रमांकपट्टीवर केए ३९ लिहिलेली गाडी महाराष्ट्रातल्या ओसरीवर वैरण खात उभी असते. बाजारातल्या तुलना पल्ल्याच्या आकड्यांवर होतात. त्या वाचाव्यात, पण पुढे आपल्या वाटा स्वतः मांडाव्यात. गाडी किती दूर जाते यापेक्षा तिला आणि आपल्याला कोणाच्या दारात थांबायचे आहे, हे ज्या घराला ठाऊक आहे, त्या घराची निवड सहसा चुकत नाही.