आमच्या तट्टाची चंदी

निफाडकडील थंडीची ख्याति वर्तमानपत्रें वाचणारांस ठाऊक असेलच. पौषांत येथें पारा कित्येकदां पांच अंशांच्या आसपास येतो, आणि पहांटे द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतात. अशा दिवसांत ठाणावर उभें असलेलें मुकें जनावर पाहून कोणाचें अंतःकरण द्रवणार नाहीं? आमचेंहि द्रवलें, आणि त्यापायीं आमचें तट्टू कायमचें पंगू व्हावयाचें, तें थोडक्यांत बचावलें.

हें तट्टू नातवाच्या हट्टासाठीं २०२१ सालीं येवल्याच्या घोडेबाजारांतून आणिलें. ठेंगणें, काटक, माळावरील खुरट्या गवतावर वाढलेलें. एकत्र कुटुंबांत येतांच त्याचे ग्रह पालटले. सकाळीं धाकटे बंधू चंदीचा तोबरा चढवीत, दुपारीं वहिनी उरल्या पोळ्या देत, सूनबाई कोंडा कालवीत, मुलें गूळ चारीत; आणि सायंकाळीं आम्ही (लिहितांना संकोच वाटतो) भिजलेले हरभरे उपरण्याखालीं लपवून नेत असूं. त्याला थंडींत कोणी विचारीत नाहीं, असेंच प्रत्येकाला वाटे. हिंवाळ्यांत अंगावर दाट केस आलेले. त्यांखालीं बरगड्या चरबींत बुडाल्या, हें डोळ्यांना दिसलें नाहीं. तेथें हातच फिरवून पाहावा लागतो.

२०२३ च्या मार्गशीर्षांत एके सकाळीं तट्टू पुढचे पाय ताणून, सारा भार मागें टाकून, खिळल्यासारखें उभें. खूर हाताला ऊन लागत होते. पशुवैद्य आले. धान्य व गूळ यांच्या अतिरेकानें खुरांतील नाजूक पदर सुजले आहेत, ते सुटले तर आंतलें हाड फिरेल, असें ते म्हणाले. मग त्यांनीं विचारलें, "याला खायला कोण घालतें?" आम्ही सारे एकमेकांकडे पाहूं लागलों.

वहिनींनीं लागलीच दोन दिवसांचा कडकडीत उपास सुचविला. त्यावर पशुवैद्यांनीं हातच जोडले. लठ्ठ तट्टाचें खाणें एकाएकीं तोडलें तर अंगांतील चरबी रक्तांत उतरते, यकृत बिघडतें आणि जनावर दगावतें. म्हणजे आमच्या घरची एकादशी त्याला विषच! चंदी, पोळ्या, गूळ बंद. वजनाच्या शेंकडा दीड इतकें वाळलें गवत, साखर उतरावी म्हणून तासभर पाण्यांत भिजवून निथळलेलें, दिवसांतून चार-पांच वेळां विभागून द्यावें, असें ठरलें. थंडीचें काय, ही शंका आम्हीं काढलीच. चारा मोठ्या आंतड्यांत आंबतो, त्याचीच ऊब जनावराला मिळते; कडाका वाढला तर मूठभर गवत वाढवावें, दाणा नव्हे. कोरडी जागा आणि वाऱ्याला आडोसा असला कीं त्याचे केस पुरेसे आहेत. आम्हीं घातलेली झूल त्यांनीं काढून ठेवविली.

वजन करावयाचें कसें? कोपराच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्यें मोजावा, त्याचा वर्ग करून खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतच्या लांबीनें गुणावें, आणि ११,९०० नीं भागावें, किलो निघतात. नातवाला हें गणित आम्हींच घातलें. घेर १४६, लांबी १३०; उत्तर २३३. म्हणजे दिवसाला साडेतीन किलो गवत. बारा आठवड्यांनीं घेर १३८ झाला आणि वजन २०८. आमच्या चाळीस वर्षांच्या शिक्षकीपेशांत त्रैराशिकाचा इतका आनंद आम्हांला झाला नव्हता.

अर्थशास्त्रांतील अश्वाध्यक्षाचें प्रकरण आम्हीं तरुणपणीं वाचलें होतें. उत्तम, मध्यम व कनिष्ठ घोड्यांचा आहार कौटिल्यानें निरनिराळा, उतरत्या मापानें नेमला आहे. आमच्या तट्टाला आम्हीं मात्र राजाच्या घोड्याचें माप लावलें! वाचलेलें सारें कोठें जातें, देव जाणे.

पाण्याकडेहि पाहावें लागतें. थंड पाणी घोडीं कमी पितात. वर सुका चारा, मग पोटशूळ ठरलेला. सूनबाई आतां सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याची बादली ठेवते.

तट्टू आतां चालतें. पण नालबंद दर पांच-सहा आठवड्यांनीं येऊन खूर पाहून जातो. ठाणाशीं नातवानें पाटी टांगली आहे. जो कांहीं घालील त्यानें तींत लिहावें, असा नियम. गेल्या पौषांत एका सकाळीं तींत त्याच्याच अक्षरांत लिहिलेलें आढळलें: "आजोबा, हरभरे, एक मूठ." आम्हीं तें पुसलें नाहीं.